पाहुणे परतण्याआधी चालायला निघू या

‘रोज अर्धा तास चाला,’ असे डॉक्टर सांगतात. वस्तीच्या गल्लीत चालायचे कुठे, हा आमचा नेहमीचा प्रश्न.

धारावीलगत मिठी नदीकाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. एकेकाळी तिथे मुंबईचा कचरा पडायचा. आज दाट झाडी आहे. मार्चमध्ये अशा बागेत झुडपातून ‘चक्, चक्’ ऐकू आले, तर तो वटवट्या असू शकतो. तपकिरी, जेमतेम दहा-बारा ग्रॅमचा. हिवाळा आपल्याकडे काढून तो आता उत्तरेकडे हजारो किलोमीटर उडत जाईल. पळस, पांगारा फुललेला दिसला की वर पाहा. काळ्या डोक्याच्या, गुलाबी अंगाच्या भोरड्या तिथे मध प्यायला येतात. एप्रिल सरता सरता त्याही मध्य आशियाकडे परततात.

दुर्बीण लागत नाही. उन्हाआधी जा, पोरांना सोबत घ्या. झाडाखाली शांत थांबा, पण एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत झपझप चाला. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, तर खिशात साखर ठेवा. मेलेल्या पाखराला हात लावू नका.

आठवड्याला 150 मिनिटे चालणे शरीराला हवे. औषध म्हणून चालताना कंटाळा येतो. पाखरू शोधताना पाय आपोआप उचलतात, हा आमचा अनुभव आहे.