न्यायाधीशाचे जावई आणि साष्टीचं कोडं

गोरेगावची दक्षिण वेस ओलांडली की जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या जवळ, घरांच्या दाटीखाली जमिनीत उतरत जाणारं जोगेश्वरीचं लेणं आहे. पायऱ्या उतरून आत गेलं की लांबलचक मंडप, मधोमध गाभारा, पायाखाली ओल आणि भिंतींवर झिजून नुसते आकार उरलेली शिल्पं. अंधाराला डोळे सरावले की एक प्रसंग ओळखू येतो: शंकर-पार्वती सारीपाट खेळतायत. दुसऱ्या एका शिल्पात त्यांचंच लग्न लागतंय.

हे कोणी कोरलं? दोनशे वर्षांपूर्वी साष्टी बेटावर हिंडणाऱ्या गोऱ्या साहेबाला विचारलं असतं तर त्यानं इजिप्तवाल्यांचं नाव घेतलं असतं, नाहीतर सिकंदराचं, फारच उत्साही असला तर सॉलोमन राजाचं. इथल्या लोकांच्या पूर्वजांनी कोरलं असेल, ही शक्यता बहुतेकांच्या यादीत शेवटची. इथले लोकही तयारीचे. कान्हेरी असो की आणखी कुठलं लेणं, पांडवांनी एका रात्रीत कोरलं, असं सांगून मोकळे व्हायचे.

हे कोडं सुटायला सुरुवात झाली ती एका उपवर मुलींच्या घरातून, आणि पहिली गाठ सैल झाली त्या काळात, जो इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांचा लाडका आहे. वेडसर राजाच्या जागी युवराज कारभार पाहत होता ती १८११ ते १८२० ही वर्षं, म्हणजे रीजन्सी.

घर होतं सर जेम्स मॅकिंटॉश यांचं. हा स्कॉटिश कायदेपंडित १८०४ मध्ये मुंबईचा रेकॉर्डर, म्हणजे मुख्य न्यायाधीश होऊन आला. सोबत दुसरी बायको, पहिलीच्या तीन मुली आणि पुस्तकांचे ढीग. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी त्यानं परळला लिटररी सोसायटी स्थापन केली. टाउन हॉलमधली आजची एशियाटिक सोसायटी ती हीच. मुंबईतले बाकीचे साहेब कापूस, अफू आणि बढत्या यांपलीकडे काही बोलत नाहीत, याचा मॅकिंटॉशला भारी कंटाळा. साहजिकच दोन अक्षरं जास्त शिकलेल्या तरुणाला त्या घराचं दार सताड उघडं असायचं. पुढचं कुठल्याही आईला कळलं असतं.

१८०७ मध्ये क्लॉडियस रिच नावाचा विशीतला तरुण दारात उभा राहिला. लहानपणीच अरबी हस्तलिखितं पाहून त्यानं त्या भाषेचा ध्यास घेतला होता. हिब्रू, फारसी, तुर्की पाठोपाठ आल्या. मुंबईला येताना तो मामलुकाच्या वेशात दमास्कसच्या मोठ्या मशिदीत जाऊन आला होता. अशा माणसापुढे मुंबईतले कारकून काय टिकणार! २२ जानेवारी १८०८ रोजी थोरल्या मेरीशी त्याचं लग्न लागलं आणि ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट म्हणून तो तिला घेऊन बगदादला गेला. १८११ मध्ये त्यानं बाबिलोनचे ढिगारे मोजले. १८२१ मध्ये मेरी पुढे मुंबईला आली, तो मागे राहिला आणि शिराझला पटकीनं गेला. त्याचे कागद पुढे मेरीनं लावले. कुर्दिस्तानातल्या त्याच्या मुक्कामाचं पुस्तक १८३६ मध्ये निघालं ते तिच्या संपादनाखाली. इतिहासात नाव मात्र त्याचं राहिलं.

दुसरा जावई विल्यम अर्स्किन. हा मॅकिंटॉशबरोबरच मुंबईत आला, सोसायटीचा चिटणीस झाला, आणि १८०९ मध्ये मद्रासला मेटलंडशी त्याचं लग्न झालं. ती सतरा वर्षांची, हा तिच्या दुप्पट वयाचा. कादंबरीचा नायक म्हणून मी रिचलाच घेईन, पण कोड्याची गाठ सैल केली ती या चिकट स्वभावाच्या अर्स्किननं.

२ नोव्हेंबर १८१३ रोजी त्यानं सोसायटीपुढे घारापुरीच्या लेण्यांवर निबंध वाचला. त्याच वर्षी लंडनला जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ निघाली होती. घारापुरीत छातीच्या एका बाजूला स्तन आणि दुसरी बाजू सपाट, अशी भव्य मूर्ती आहे. आधीच्या काही प्रवाशांना ती ग्रीक कथांतली ॲमेझॉन वाटली होती. आता तीच मूर्ती जवळून पाहा: टेकायला नंदी, बाईच्या बाजूच्या हातात आरसा, दोन कानांतली कुंडलं वेगळी. शिवपुराणाची ओळख असलेला कोणीही सांगेल, हा अर्धनारीश्वर. घारापुरीच्या एखाद्या म्हातारीला विचारलं असतं तरी काम झालं असतं, असं मला राहून राहून वाटतं. अर्स्किनचं श्रेय एवढंच, आणि ते थोडं नाही, की युरोपातून आणलेल्या कथा बाजूला ठेवून त्यानं मूर्तीच्या हातात काय आहे ते पाहिलं. देऊळ शंकराचं, हे त्यानं ठामपणे मांडलं.

मग त्यानं तोच हिशेब सगळ्या लेण्यांना लावला. हात अनेक की दोनच? शेजारी देवी, वाहन, गण आहेत की एकटाच ध्यानस्थ पुरुष? गाभाऱ्यात लिंग की स्तूप? भोवती भिक्षूंच्या खोल्या? या खुणांनी ब्राह्मणी, बौद्ध आणि जैन लेणी वेगळी काढता येतात, हे त्यानं दाखवलं. इंग्रज प्रवासी हेन्री सॉल्टनं साष्टीतल्या लेण्यांचं वर्णन आधीच केलं होतं, सोसायटीच्या १८१९ च्या पहिल्या खंडात ते घारापुरीच्या निबंधासोबत छापलं गेलं. आता त्या वर्णनांना अर्थ आला. गोरेगावच्या एका अंगाला डोंगरात बुद्धाची कान्हेरी, दुसऱ्या अंगाला शंकराची जोगेश्वरी.

अर्स्किनला मुंबईचं प्रेम लाभलं नाही. १८२३ मध्ये पैशांच्या अफरातफरीचा ठपका घेऊन तो मायदेशी गेला. लेण्यांच्या भिंतींवरची अक्षरं तेव्हाही मुकीच होती. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी लिपीची उकल केली आणि पुढे कान्हेरीचे लेख बोलू लागले. दान देणारे निघाले कोण, तर कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी. इजिप्तवाला एकही नाही.

जोगेश्वरीत असा कर्त्याचं नाव सांगणारा लेख नाही. शैली पाहून अभ्यासक तिला सहाव्या शतकात ठेवतात, घारापुरीच्या थोडं आधी. कलाइतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी तो क्रम आग्रहानं मांडला. मुंबई परिसरात सापडलेल्या कलचुरी राजा कृष्णराजाच्या नाण्यांवरून संशय त्या घराण्याकडे जातो, पण नाणं म्हणजे कबुलीजबाब नव्हे. कबुलीजबाब एकेकाळी असावा. घारापुरीच्या लेण्यात एक कोरीव लेख होता. पोर्तुगीजांनी ती शिळा काढून आपल्या राजाकडे पाठवली, असं त्यांचाच इतिहासकार दियोगो दो कोतो लिहून गेलाय. लिस्बनला ती कोणाला वाचता आली नाही, आणि नंतर तिचा पत्ताच लागला नाही.