सायटेशनचा आकडा कसा वाचायचा?

नागपूरच्या प्रताप नगरात खोली घेऊन पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला नोकरीचा अर्ज भरताना एक रकाना हमखास भेटतो: एकूण सायटेशन किती, एच-इंडेक्स किती? व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था इथून जवळ आहे आणि अमरावती रोडवर 1942 पासूनची एलआयटी ही तंत्रशिक्षण संस्था आहे, त्यामुळे या भागाला हा प्रश्न नवा नाही. आकडा सांगणं सोपं असतं. पण तो कसा तयार होतो आणि त्यातून काय निसटतं, हे सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या एका उदाहरणावरून नीट कळतं.

आधी मोजणी. प्रत्येक संशोधनपेपरच्या शेवटी आधीच्या कामांची यादी असते. यूजीन गारफील्ड यांनी 1964 मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ सुरू करून अशा याद्या उलट्या बाजूने लावल्या. या पेपरचा आधार नंतर कोणी घेतला, हे त्यामुळे शोधता येऊ लागलं. असा प्रत्येक उल्लेख म्हणजे एक सायटेशन.

एच-इंडेक्स 2005 मध्ये जॉर्ज हिर्श यांनी सुचवला. समजा, एका संशोधिकेच्या सहा पेपरांना 40, 22, 9, 5, 5 आणि 3 सायटेशन मिळाली आहेत. उतरत्या क्रमाने मोजत जा. पाचव्या पेपरला 5 आहेत, सहाव्याला मात्र 6 नाहीत. म्हणून एच-इंडेक्स 5. आता पहिल्या पेपरला 40 ऐवजी 400 सायटेशन मिळाली, तरी उत्तर 5 च राहतं. सातत्य या आकड्यात दिसतं, एखाद्या कामाची उंची दिसत नाही. शिवाय स्कोपस आणि गुगल स्कॉलर हे डेटाबेस वेगवेगळी नियतकालिकं आणि पुस्तकं धरतात, त्यामुळे एकाच व्यक्तीचे दोन आकडे निघतात. अर्जात आकड्याबरोबर डेटाबेसचं नाव आणि तारीख लिहायची ती यासाठीच.

आता उदाहरण. रसायनशास्त्रज्ञ के. वेंकटरामन यांनी मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे संशोधन केलं आणि मग ते लाहोरला शिकवू लागले. तिथे एच. एस. महल यांच्यासोबत एका अभिक्रियेवर केलेलं त्यांचं काम 1934 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये विल्सन बेकर यांनाही तीच अभिक्रिया सापडली होती. तिला ‘बेकर–वेंकटरामन पुनर्रचना’ म्हणतात. पुढे वेंकटरामन 1938 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे (यूडीसीटी) प्रमुख झाले आणि 1957 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक.

ही अभिक्रिया फ्लेव्होन बनवण्यासाठी वापरतात. फुलापानांतल्या अनेक पिवळ्या रंगद्रव्यांचा सांगाडा हाच. ऑर्थो-हायड्रॉक्सीॲसिटोफिनोनची बेंझॉइल क्लोराइडशी क्रिया करून एस्टर करतात. तो पिरिडीनमध्ये विरघळवून कोमट ठेवतात आणि बारीक केलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून ढवळतात. बेंझॉइल गट ऑक्सिजन सोडून शेजारच्या कार्बनवर जातो आणि भांड्यात दाट पिवळा साका जमतो. सौम्य ॲसिटिक ॲसिड घातलं की फिकट पिवळं डायकीटोन मिळतं. ते ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि थोड्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये तापवलं की वलय मिटतं आणि फ्लेव्होन तयार होतो.

ही पद्धत आज कोणी वापरली तर पेपरात काय लिहितो? पुष्कळदा फक्त नाव लिहितो, 1934 चा पेपर यादीत येत नाही. एखाद्या नव्या परीक्षणलेखाचा संदर्भ दिला, तर सायटेशन त्या लेखाच्या खात्यात जातं. काम सगळ्यांच्या हातात रुळलं की त्याचा उल्लेख थांबतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ही गोष्ट फार पूर्वी नोंदवून ठेवली आहे. ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ हा 1952 पासून निघालेला वेंकटरामन यांचा ग्रंथ रंगरसायनाचा पाया मानला जातो, पण केवळ पेपर मोजणाऱ्या हिशेबात ग्रंथ लंगडाच पडतो.

आकडा वाढवणाऱ्या गोष्टीही असतात. परीक्षणलेखांना मूळ प्रयोगांपेक्षा जास्त सायटेशन मिळतात. स्वतःचेच जुने पेपर उद्धृत केले तरी मोजणी वाढते. मोठ्या विषयात, जिथे पेपर भराभर निघतात, तिथले आकडे आपोआप फुगतात. म्हणून सेंद्रिय रसायनज्ञाची तुलना गणितज्ञाशी करणं अन्यायाचं आहे, आणि तिशीतल्या माणसाची साठीतल्याशी करणंही.

मग आकडा टाकून द्यायचा का? नाही. निवड करणाऱ्याने आकड्यापाशी थांबू नये, एवढंच. उमेदवाराचा सर्वाधिक सायटेशनचा पेपर घ्यावा आणि त्याचा आधार घेणारे पाच पेपर उघडावेत. प्रस्तावनेतल्या दहा संदर्भांच्या घोळक्यात नाव आलं असेल, तर तो शिष्टाचार. प्रयोगाच्या कृतीत ‘अमुक पद्धतीने संयुग बनवलं’ असं लिहिलं असेल, तर त्या कामावर दुसऱ्या कोणाचा तरी प्रयोग उभा आहे. अर्ज भरणाऱ्यानेही आपल्या अशा एका पेपरबद्दल दोन ओळी जोडाव्यात: कोणी वापरला, कशासाठी वापरला. रकान्यात जे मावत नाही, ते त्या दोन ओळी सांगतात.