इलेक्ट्रॉनिक मापन उपकरणांतील अतिरिक्त सुविधा : गरज आणि आभास

प्रस्तावना :
चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहेत. महाविद्यालयीन प्रयोगशाळेचा निधी मर्यादित असतो आणि एकदा घेतलेले उपकरण अनेक वर्षे वापरावे लागते. खरेदी समितीपुढील तुलनात्मक तक्त्यात मात्र ज्याच्या वैशिष्ट्यांची यादी लांब, ते उपकरण श्रेष्ठ, असा समज सहज होतो. डिजिटल ऑसिलोस्कोपच्या आधारे हा समज तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बँडविड्थ :
ऑसिलोस्कोप बदलत्या विद्युतदाबाचा आलेख पडद्यावर दाखवतो. तो किती जलद बदल विश्वासार्हपणे टिपतो, हे बँडविड्थवरून कळते. मोजावयाच्या वारंवारतेच्या सुमारे पाचपट बँडविड्थ असावी, असा व्यवहारातील संकेत आहे. पदवी स्तरावरील फुल वेव्ह रेक्टिफायरमध्ये ५० हर्ट्झच्या पुरवठ्यातून १०० हर्ट्झचा रिपल मिळतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचे प्रयोगही बहुधा १ मेगाहर्ट्झच्या आत संपतात. त्यांना २० मेगाहर्ट्झ पुरेसे आहेत. अधिक बँडविड्थबरोबर अधिक नॉइजही आत येतो. म्हणूनच मोठ्या क्षमतेच्या अनेक उपकरणांवर बँडविड्थ २० मेगाहर्ट्झपर्यंत खाली आणण्याची सोय निर्मातेच देतात.

अचूकतेचा आभास :
अनेक डिजिटल ऑसिलोस्कोप ८ बिटचे असतात. म्हणजे उभ्या अक्षावर ते २५६ पायऱ्याच ओळखतात. ८ व्होल्टच्या पल्ल्यात एक पायरी सुमारे ३१ मिलिव्होल्टची होते. तरीही पडद्यावर मिलिव्होल्टपर्यंतचे अंक उमटतात आणि विद्यार्थी ते निःशंकपणे वहीत उतरवतो. 'ऑटोसेट'ची कळही अशीच आहे. टाइमबेस निवडणे व ट्रिगरची पातळी ठरवणे ही कामे यंत्र करून टाकते. प्रयोगातून शिकायची असतात ती नेमकी हीच कामे.

उपयुक्त सुविधा :
तथापि प्रत्येक अतिरिक्त सुविधा दिखाऊ नसते. साधा मल्टिमीटर तरंगाची सरासरी मोजतो व साइन तरंग गृहीत धरून तिला १.११ ने गुणतो. परिणामी चौरस तरंगाचे वाचन तो ११ टक्के जास्त दाखवतो. चंद्रपूर परिसरात औष्णिक वीजकेंद्र, कोळसा खाणी व कागद कारखाना आहे. मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणामुळे जेथे तरंग विकृत होतो, तेथे काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला 'ट्रू आरएमएस' मल्टिमीटरची ओळख असणे आवश्यक आहे.

स्थानिक दाखला :
मापनाचा प्रश्न स्पष्ट असेल तर साधन किती साधे असू शकते, हे गडचिरोलीनेच दाखवले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी बालकांच्या न्यूमोनियाच्या निदानासाठी तयार केलेला 'ब्रेथ काउंटर' १९९२ मध्ये शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी आहेत. दर दहा श्वासांनंतर एक मणी सरकवायचा. श्वासगती धोक्याच्या मर्यादेपलीकडे गेली का, एवढाच त्याचा प्रश्न. मोठे आकडे मोजण्याची सवय नसलेल्या दाईलाही त्याचे उत्तर मिळते.

निष्कर्ष :
यावरून असे म्हणता येईल की, सुविधा अनावश्यक आहे की नाही हे उपकरणावरून नव्हे, तर मापनाच्या प्रश्नावरून ठरते. मागणीपत्र तयार करताना प्रथम अभ्यासक्रमातील प्रयोग, त्यांतील कमाल वारंवारता आणि अपेक्षित अचूकता लिहावी. दरपत्रके त्यानंतर पाहावीत. अनावश्यक क्षमतेवरचा खर्च वाचवून आणखी एक साधे उपकरण घेता आले, तर टेबलाभोवती उभे राहून केवळ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना ते स्वतः हाताळता येईल.