वायदांची राहिलेली गोष्ट

दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. इराणहून बोटीने कराचीला येताना त्यांतल्या अनेकांनी आपलं ओमानचं आखात ओलांडलं होतं. त्याच पोलंडचे दिग्दर्शक आंद्रे वायदा. त्यांच्या सैनिक वडिलांना १९४० मध्ये सोव्हिएत पोलिसांनी कातिन हत्याकांडात मारलं. पुढे कम्युनिस्ट राजवटीत हे बोलायचीही चोरी. दोष नाझींवर ढकललेला. सिनेमाला पैसा सरकारचा, कात्रीही सरकारचीच. तरी वायदा १९५५ पासून काम करत राहिले. ‘मॅन ऑफ मार्बल’ची पटकथा दहा वर्षांहून अधिक काळ अडली, चित्रपट १९७७ मध्ये आला. ‘मॅन ऑफ आयर्न’ला १९८१ मध्ये कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, डिसेंबरात लष्करी कायदा आला आणि बंदी. वडिलांची गोष्ट सांगायला २००७ उजाडलं. तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. ‘कातिन’ मोठ्या मुलांसोबत जरूर पाहा.