भंडाऱ्याचे दुसरे मत

निवडणूक लागली की आमच्या वस्त्यांत एक वाक्य हमखास फिरू लागते, 'तुमचे मत वाया घालवू नका.' सांगणारे बहुधा वस्तीबाहेरचे असतात, आणि पाच वर्षांत एकदाच येतात. निकाल लागला आणि त्यांचा माणूस थोडक्यात पडला की तेच लोक दुसरे वाक्य घेऊन हजर होतात, 'तुम्ही मते खाल्लीत.' जणू काही मते त्यांच्या ताटातली होती आणि आम्ही पंगतीत बिनबोलावता बसलो! २०२४ च्या लोकसभेला वायव्य मुंबईचा निकाल ४८ मतांनी लागला; त्याच वर्षीच्या विधानसभेला भंडारा जिल्ह्यातील साकोलीचा २०८ मतांनी. फरक इतका कमी असला की प्रत्येक मताचा जाब विचारला जातो, आणि पहिला जाब नेहमी आंबेडकरी मतदारालाच. तेव्हा आज आम्ही एक जुना हिशेब काढणार आहोत. त्याच भंडाऱ्याचा, १९५४ सालचा.

भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत परमपूज्य बाबासाहेब पडले, एवढे आमच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण ती पोटनिवडणूक लागलीच का, हे चांगल्या चांगल्या कार्यकर्त्यांना विचारून पाहा. भंडारा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. आजचा गोंदिया जिल्हाही त्यातच होता. लोकसभेचा मतदारसंघ दोन सदस्यांचा, एक जागा सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत दोन्ही जागा काँग्रेसने घेतल्या. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज जसानी, राखीव जागेवर तुळाराम साखरे. त्याविरुद्ध निवडणूक अर्ज झाला आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. जसानी हे बिडीच्या पेढीत भागीदार, आणि त्या पेढीचा सैनिकांना बिड्या पुरवण्याचा सरकारशी करार. सरकारशी करारात हितसंबंध असलेला माणूस निवडणुकीस अपात्र, हा एक मुद्दा.

दुसरा मुद्दा आमच्या दृष्टीने अधिक मोलाचा. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला होता. तो फेटाळला गेला, कारण काय, तर त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला, म्हणून ते महार राहिले नाहीत! १५ फेब्रुवारी १९५४ रोजी न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला. जातीने त्यांना टाकले आहे काय, ते स्वतःला काय समजतात, नव्या पंथाचे नियम काय सांगतात, हे पाहावे लागेल. आणि ते पाहता ठवरे महारच राहिले, त्यांचा अर्ज चुकीने फेटाळला. साऱ्या मतदारसंघाचीच निवडणूक रद्द झाली. वकिलीच्या सुरुवातीच्या दिवसांत हा निकाल आम्ही वाचला तेव्हा अंगावर काटा आला होता. कारण जो प्रश्न ठवरेंच्या अर्जावर विचारला गेला तोच १९५६ नंतर आम्हा सर्वांना विचारला गेला. १९६२ च्या विधानसभेत राखीव जागेवर निवडून आलेल्या डॉ. मेश्राम यांची आमदारकी ते बौद्ध झाले म्हणून सर्वोच्च न्यायालयाने घालवली. बौद्धांना अनुसूचित जातींत धरायला १९९० साल उजाडावे लागले. असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

तर अशी दोन्ही जागांची पोटनिवडणूक लागली. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाबासाहेब, समोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता. फेडरेशन आणि समाजवादी यांचा समझोता होता. मे महिन्यातले विदर्भाचे ऊन, प्रकृती ढासळलेली, तरी राज्यघटनेचा शिल्पकार गावोगाव मते मागत होता.

आता कायदा बघा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे दोन सदस्यांच्या मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते, पण एका उमेदवाराला एकच मत देता येई. त्या काळी शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर चिन्ह, आणि हातातला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले तर एक बाद. म्हणजे 'आपले एक मत आपल्या माणसाला द्या, दुसरे कुजवा' असा प्रचार करता येत असे. दुसरे मत कुणालाच मिळाले नाही की आपल्या माणसाच्या प्रतिस्पर्ध्याचे पारडे जड होत नाही.

हा प्रचार काय करू शकतो हे बाबासाहेबांनी १९५२ ला मुंबईत सोसले होते. उत्तर मुंबईच्या दोन सदस्यांच्या मतदारसंघात ते काँग्रेसच्या काजरोळकरांकडून चौदा हजारांहून अधिक मतांनी पडले. बाद झालेली मते ७४ हजारांच्या घरात होती. मते कुजवण्याचा प्रचार कम्युनिस्टांनी केला, डांगे त्यात पुढे होते, असे म्हणत बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला.

भंडाऱ्यात आमच्या कार्यकर्त्यांनी हेच हत्यार उचलायचे ठरवले होते, असे चळवळीतील जुनी मंडळी सांगत आली आहेत. बाबासाहेबांना एक मत द्या, दुसरे कुजवा, म्हणजे जागा पक्की. बाबासाहेबांनी नकार दिला. दोन्ही मते वापरा, दुसरे अशोक मेहतांना द्या, असे सांगितले. कित्येकजण ही गोष्ट त्यांच्या थोरपणाची म्हणून सांगतात. आम्ही वकील म्हणून ती वेगळी वाचतो. ज्या कृत्याविरुद्ध आपण दोन वर्षांपूर्वी अर्ज लढलो, तेच कृत्य सोयीचे झाले म्हणून करायचे नाही, ही त्यात साधी सचोटी आहे. पक्षकार बदलला म्हणून युक्तिवाद बदलणारे वकील आम्ही रोज पाहतो (कधी कधी आरशातही).

निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब ८,३८१ मतांनी पडले.

वाचकहो, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. एकच मतदारसंघ, एकच दिवस, एकच मतदार, एकच समझोता. समझोत्यातला एक उमेदवार जिंकतो, दुसरा पडतो. ज्यांनी अशोक मेहतांच्या पेटीत कागद टाकला त्या सर्वांनी दुसरा कागद बाबासाहेबांच्या पेटीत टाकला असता तर हे घडते ना. आमचे दुसरे मत त्यांच्याकडे गेले. त्यांचे दुसरे मत आमच्याकडे पुरते आले नाही. समाजवादी नेत्यांनी दगा दिला असे आम्ही म्हणत नाही. अशोक मेहता मुंबईच्या अर्जातही सोबत होते. नेता सोबत असतो, व्यासपीठ सोबत असते. पण गावातला त्यांचा सवर्ण मतदार पेटीपुढे एकटा उभा राहिला की त्याचा हात अडखळतो.

यात इतिहासाची क्रूर थट्टा आहे. १९३२ च्या जातीय निवाड्यानेही आम्हाला दोन मते दिली होती. एक स्वतंत्र मतदारसंघात, दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. पुणे कराराने जागा ७१ च्या १४८ झाल्या, पण ते दुसरे मत गेले, आणि त्याची किंमत वाढलेल्या जागांहून मोठी होती असे बाबासाहेबांनी नंतर लिहून ठेवले. त्या दुसऱ्या मतामुळे सवर्ण उमेदवाराला आमच्या दारात यावे लागले असते. भंडाऱ्यात दुसरे मत परत आले ते उलटे होऊन. आता सवर्णाचे दुसरे मत आमचा प्रतिनिधी कोण ते ठरवत होते.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले. त्याआधी १९५७ ला पार्वतीपुरममध्ये दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी जिंकल्या आणि व्ही. व्ही. गिरी पडले, ते न्यायालयात गेले आणि तिथेही हरले. राखीव समाजाचा माणूस सर्वसाधारण जागेवरही बसू शकतो हे दिसल्यावर ही पद्धत फार काळ टिकली नाही, हा योगायोग समजायचा की काय ते वाचकांनी ठरवावे.

पण ती पद्धत पूर्ण गेली असे मात्र समजू नका. मुंबई सोडून आपल्या महापालिकांत प्रभाग बहुसदस्यीय आहेत; एक मतदार, तीन-चार मते, त्यात एखादी जागा राखीव. जिल्हा परिषदेचा गट आणि पंचायत समितीचा गण, दोन्हींचे मतदान एकाच वेळी. काही वर्षांपूर्वी अशाच एका निवडणुकीत गटात आमचा उमेदवार होता, गणात मित्रपक्षाचा. पक्षांची नावे घेत नाही. निकालानंतर केंद्रनिहाय आकडे आम्ही वहीत उतरवून घेतले. आमच्या वस्त्यांच्या केंद्रांवर दोघांची मते जवळजवळ सारखी. मित्रपक्षाच्या गावांत त्यांच्या माणसाला भरघोस, आमच्याला त्याच्या निम्मीही नाहीत. सत्तर वर्षांनंतर तेच भंडारा! आणि सभेत मात्र आम्हालाच ऐकवले गेले की तुमचा समाज एकगठ्ठा राहिला नाही.

दोष आमचाही आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. त्या निवडणुकीत कित्येक केंद्रांवर आमचा प्रतिनिधीच नव्हता, कारण दोन गटांच्या भांडणात नेमणुकीची पत्रे कुणी भरलीच नाहीत. विधानसभा-लोकसभेला केंद्र बंद होताना झालेल्या मतदानाच्या हिशेबाची प्रत, म्हणजे नमुना १७-क, मतदान प्रतिनिधीला मिळते. आमच्याकडे किती जण ती मागून घेतात? फेरमोजणीचा अर्ज लेखी लागतो, आणि तो निकाल जाहीर होण्यापूर्वीच द्यावा लागतो. आमचा उमेदवार त्या वेळी बाहेर पत्रकारांशी बोलत असतो. निवडणूक अर्जाची मुदत ४५ दिवस. आमच्याकडे पक्षकार येतो तो तिसऱ्या महिन्यात, डोळ्यांत पाणी घेऊन. अठ्ठेचाळीस मतांची लढत अशी लढता येत नसते.

समझोते करू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. बाबासाहेबांनी केले, हरल्यावरही त्यांनी ती वाट सोडली नाही. पण समझोत्याच्या कागदावर फक्त जागांचे आकडे लिहायचे दिवस गेले. कोणत्या गावात तुमचा कोण माणूस आमच्या उमेदवारासाठी घरोघर फिरणार, केंद्रावर आमच्या प्रतिनिधीशेजारी कोण बसणार, हे नावानिशी लिहून घ्या. आणि निकालानंतर आठवड्याच्या आत केंद्रनिहाय आकडे घेऊन दोघांनी समोरासमोर बसायचे, हेही त्याच कागदावर. आमच्या तालुक्यात बोलणी सुरू झाली आहेत. पुढच्या बैठकीला आम्ही ती वही सोबत नेणार आहोत, आणि पहिल्या पानावर १९५४ च्या भंडाऱ्याचे आकडे लिहून ठेवले आहेत.