उघड्या विमानातून आकाशाची सैर

विमानप्रवास म्हणजे बंद खिडकी आणि ट्रेमधलं जेवण, एवढंच आपल्याला ठाऊक. इंग्लंडला जाणार असाल तर केम्ब्रिजजवळच्या डक्सफर्डला एक दिवस द्या. तिथल्या जुन्या हवाईतळावर आता युद्धसंग्रहालय आहे आणि तिथून 'टायगर मॉथ' विमानातून पर्यटकांनाही उडता येतं.

हे विमान १९३१ साली पहिल्यांदा उडालं. दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक याच्यावरच शिकले. एकावर एक पंख, त्यांवर ताणलेलं कापड, पुढे-मागे दोन जागा आणि डोक्यावर छत नाही! इंजिन १३० अश्वशक्तीचं. डोक्यावर टोपी, डोळ्यांना गॉगल, पट्टे घट्ट. विमान वळलं की वारा गालावर आपटतो आणि खाली हिरवी शेतं तिरपी होतात. पोटात गोळा येतो, पण हसूही आवरत नाही.

याच घराण्यातल्या 'जिप्सी मॉथ'मधून १९३० साली जेआरडी टाटा कराचीहून लंडनला एकटे निघाले होते. वाटेत इजिप्तमध्ये प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनियर स्पार्क प्लगसाठी अडकलेले दिसले. जेआरडींनी आपल्याजवळचा प्लग दिला. स्पर्धा अस्पींनी जिंकली! त्या वाऱ्यात काही मिनिटं बसलं, की त्या मदतीचं मोल कळतं.

जाण्यापूर्वी

• बुकिंग आधी करा. वजनाची मर्यादा विचारा.
• पाऊस-वाऱ्यात उड्डाण रद्द होतं, म्हणून सहलीचा शेवटचा दिवस निवडू नका.
• प्रवास विम्यात असं उड्डाण धरलंय का, हे तपासा.
• उन्हाळ्यातही स्वेटर घ्या.