सहामाहीचा निकाल आणि पुढचे शंभर दिवस



वसंताच्या या दिवसांत परीक्षेवर बोलणे काहीसे अवेळी वाटेल. दहावीचे पेपर मार्चमध्येच आटोपले आहेत आणि मुले सुटीत आहेत. तरीही आम्ही मुद्दाम हीच वेळ धरली. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी येत्या जूनमध्ये दहावी येणार आहे, आणि दिवाळीच्या सुमारास सहामाहीचे गुणपत्रक हातात पडणार आहे. ते गुणपत्रक वाईट निघाले, तर त्या संध्याकाळी घरात कोणाचेही डोके ठिकाणावर राहत नाही. म्हणून त्याचा विचार आज, घरात शांतता असताना करून ठेवलेला बरा.

आमचा व्यवसाय कामगार संघटनेचा. शिक्षणशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. मग या विषयात आम्ही का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, सहामाहीच्या एका निकालाने आमची शाळा सुटली, आणि ती का सुटली हे कळायला आम्हांला बारा वर्षे लागली.

आमचे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणगावातल्या सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गांत होतो. संप ओसरल्यावरही गिरणीने वडिलांना परत घेतले नाही. ते मिळेल ते काम करीत. १९८६ च्या सहामाहीत आमच्या गणिताच्या गुणांखाली तांबडी रेघ आली. गुणपत्रकावर पालकांची सही लागे. वडिलांनी ती रेघ पाहिली, सही केली आणि एवढेच म्हणाले, "तुझ्यानं हे होणार नाही, बाळा. उगाच फीचे पैसे कशाला घालवायचे? कामाला लाग." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच बहुधा आम्हांला ते खरे वाटले. दिवाळीनंतर आम्ही एका वर्कशॉपात हेल्पर म्हणून लागलो.

पुढे संघटनेच्या कामात पडल्यावर अर्ज, करार, हिशेब यांच्याशी रोज गाठ पडू लागली, आणि सत्ताविसाव्या वर्षी आम्ही रात्रशाळेत नाव घातले. तिथल्या पहिल्याच चाचणीत गणितात पुन्हा नापास झालो. आम्ही मास्तरांना म्हटले, "सर, आमच्या नशिबात गणित नाही." मास्तरांनी गुणांकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी आमची उत्तरपत्रिका पुढे ओढली आणि एकेका चुकीसमोर पेन्सिलीने खूण करीत गेले. शेवटी म्हणाले, "साहेब, तुमचे निम्म्याहून अधिक गुण एकाच चुकीने गेले आहेत. कंसाबाहेर वजाचे चिन्ह असले, की कंसातली चिन्हे बदलायची हे तुम्ही विसरता. ७ वजा कंसात क्ष वजा ३ म्हणजे ७ वजा क्ष अधिक ३. तुम्ही दर वेळी वजा ३ लिहिता." ही सातवी-आठवीतली गोष्ट! तिची घडी बसायला आम्हांला जेमतेम आठवडा लागला. १९९९ साली आम्ही दहावी झालो.

१९८६ च्या त्या पेपरातही हीच चूक होती काय, ते आता कळायला मार्ग नाही. तो पेपर कोणी वाचलाच नव्हता, आम्हीही नाही. सर्वांनी पाहिली ती फक्त तांबडी रेघ.

आम्ही कामगाराला पहिला धडा देतो तो हा की, न वाचता कशावरही सही करू नये. पगाराची चिठ्ठी हातात आली की अडाणी माणूस तळाचा आकडा पाहतो आणि कपाळाला हात लावतो. जाणता कामगार वरपासून वाचतो: खाडे किती धरले, उचल किती कापली, ओव्हरटाइम कुठे राहिला. कोणती कपात कशाची हे कळल्यावाचून तक्रार करता येत नाही आणि सुधारणाही करता येत नाही. गुणपत्रक हा तळाचा आकडा आहे, आणि उत्तरपत्रिका ही सगळी चिठ्ठी आहे. वाईट निकालानंतरचे पहिले काम म्हणजे उत्तरपत्रिका मागून आणून, प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून, गेलेल्या प्रत्येक गुणाचा हिशेब लावणे.

हा हिशेब कसा लावावा, ते उदाहरणाने सांगतो. आमच्या एका सभासदाची मुलगी गणिताच्या पहिल्या भागाच्या चाळीस गुणांच्या पेपरात अकरा गुण घेऊन आली. गेलेले गुण एकोणतीस. आम्ही तिला बसवून त्यांच्या चार राशी पाडायला लावल्या. जे मुळातच समजले नव्हते, त्याचे दहा गुण. जे समजले होते पण त्या वेळी आठवले नाही, त्याचे सात. जे येत होते पण घाईत चुकले, त्याचे सहा. वेळ संपल्यामुळे ज्याला हात लागला नाही, त्याचे सहा. राशी पाडून झाल्यावर मुलगी स्वतःच म्हणाली, "काका, म्हणजे मला येत नाही ते फक्त दहाच गुणांचं!" एकोणतीस गुणांचा बोजा दहांवर आला. तिच्या आवाजात झालेला फरक आम्ही विसरलो नाही.

या चार राशींचे रोग वेगळे आहेत, म्हणून औषधेही वेगळी. 'अभ्यास वाढव' असे सरसकट सांगणे म्हणजे डोकेदुखीला आणि मोडलेल्या हाडाला एकच पुडी देणे होय.

पहिली रास, न समजल्याची. तिचे मूळ बहुधा दहावीच्या पुस्तकात नसतेच. अपूर्णांक, चिन्हे, शेकडेवारी ही सहावी ते आठवीची गळती तिथून वाहत आलेली असते. इंग्रजीतही तसेच, क्रियापदाचा काळ कच्चा राहिला, की पुढचे सगळे वाक्य डळमळते. यावर उपाय म्हणजे लाज सोडून खालच्या इयत्तेचे पुस्तक काढणे. बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. दहावीच्या मुलाने सातवीचे पुस्तक उघडण्यात कमीपणा नाही. गवंडी भिंत पाडतो तोही पाया पाहण्यासाठीच.

दुसरी रास, न आठवल्याची. इथे बहुतेक मुले एकच चूक करतात: धडा पुन्हा पुन्हा वाचतात. वाचताना सगळे ओळखीचे वाटते, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा भ्रम होतो. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा अभ्यासण्याची चार वेळा संधी दिली. दुसऱ्या गटाला तो एकदाच अभ्यासू दिला आणि मग कागद मिटून तीन वेळा आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पहिल्या गटाला ८३ टक्के आठवत होते आणि दुसऱ्याला ७१. पण आठवड्याने विचारले तेव्हा पहिल्या गटाचे ४० टक्क्यांवर आले आणि दुसऱ्याचे ६१ टक्के टिकले. तात्पर्य, एकदा वाचावे, पुस्तक मिटावे, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहावे, आणि मग राहिलेले पुस्तक उघडून पाहावे. हे कष्टाचे आहे. पण त्या कष्टानेच ते डोक्यात राहते.

याला जोडून दुसरी गोष्ट. जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच केलेले स्मरणाचे प्रयोग छापले. निरर्थक अक्षरांची एक माला पाठ करताना त्यांना आढळले की, एका दमात केलेल्या ६८ उजळण्यांइतकाच गुण तीन दिवसांत विभागलेल्या ३८ उजळण्यांनी आला. रविवारी एकाच विषयाचे सहा तास बसण्यापेक्षा त्या विषयाला रोज चाळीस मिनिटे द्यावीत, ती यासाठीच.

तिसरी रास, घाईच्या चुकांची. हिच्यासाठी दोन पैशांची वही पुरते. प्रत्येक चूक तारीख घालून तिच्यात लिहावी: काय लिहिले, काय हवे होते. पंधरा दिवसांनी ती वही चाळली की दिसते, चुका शंभर असल्या तरी त्यांच्या जाती पाच-सहाच आहेत. आपली खोड कोणती हे ज्याला कळले, तो पेपर तपासताना नेमके तिथेच पाहतो.

चौथी रास, वेळेची. गणिताच्या चाळीस गुणांच्या पेपराला दोन तास मिळतात. म्हणजे दर गुणाला तीन मिनिटे. एवढे साधे गणित किती मुलांनी मांडलेले असते? दर रविवारी घड्याळ लावून, मध्ये न उठता, एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवावी. दोन गुणांच्या प्रश्नावर पंधरा मिनिटे अडून बसायचे नाही, खूण करून पुढे जायचे, ही सवय सरावाशिवाय अंगी येत नाही. मात्र एखादे मूल समजूनही लिहिण्या-वाचण्यात सतत फार मागे पडत असेल, तर ते आळसाचे लक्षण समजू नये. डोळे तपासावेत, आणि गरज वाटल्यास अध्ययन-अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. प्रमाणपत्र असल्यास राज्य मंडळ जादा वेळेसारख्या सवलती देते, शाळेत विचारावे.

आता दिवसांचा हिशेब. २०२५ साली दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली. दिवाळीची सुटी संपल्यापासून तोवर शंभरेक दिवस हाती लागतात. शाळेव्यतिरिक्त रोज दोन तास धरले तर दोनशे तास होतात. त्यांतला मोठा वाटा दोन कच्च्या विषयांना द्यावा, उरलेला बाकीच्यांना. जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेच्या पेपरांच्याही अशाच चार राशी पाडाव्यात आणि पहिल्या हिशेबाशेजारी ठेवून कोणती रास घटली ते पाहावे. रात्री जागून मिळवलेला तास सकाळी वर्गात पेंगून परत द्यावा लागतो. तेव्हा झोपेत कपात करू नये. एका खोलीच्या घरात बसायला जागा नसेल, तर जवळच्या अभ्यासिकेची चौकशी करावी, किंवा शेजाऱ्यांशी बोलून दोन तास टीव्हीचा आवाज खाली ठेवावा. चाळीत हे जमते. विचारले मात्र पाहिजे.

वर सांगितलेल्या मुलीला शेवटी गणितात शंभरपैकी एकसष्ट मिळाले. एकसष्ट म्हणजे चमत्कार नव्हे, पण अकरावर थांबलेल्या मुलीला त्याने पुढचा रस्ता मोकळा केला. प्रत्येकाचे असेच होते, असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्या एका मुलाने इतकीच मेहनत केली, तरी त्याचा एक विषय राहिलाच. पण आमच्या वेळी बंद वाटणारी दारे आज उघडी आहेत. २०१५ पासून निकालानंतर लवकरच पुरवणी परीक्षा होऊ लागली, आणि २०२५ साली ती जूनमध्येच सुरू झाली. एक-दोन विषय राहिले तरी अकरावीत तात्पुरता प्रवेश मिळण्याची सोय झाली आहे. शाळा सुटलेल्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. मंडळाच्या निकालाविषयी शंका असली, तर शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रतही मागवता येते. मंडळसुद्धा उत्तरपत्रिका वाचू देते. मग आपण घरात ती का वाचू नये?

शेवटी आईबापांना दोन शब्द. कामगारावर आरोपपत्र आले, तर आम्ही मालकाला सांगतो की चौकशी केल्यावाचून शिक्षा देता येणार नाही. हा न्याय आपण कारखान्यात मागतो; घरात तो आपल्या लेकराला का नाकारावा? त्या संध्याकाळी शेजारच्या मुलाचे गुण काढू नका, क्लासच्या फीचा आकडा ऐकवू नका. मुलाला आधी जेवू द्या. दुसऱ्या दिवशी म्हणा, "बाळा, पेपर आण. आपण दोघं मिळून बघू." आपल्याला गणित येत नसले तरी चालेल; राशी मुलाने पाडायच्या आहेत, आपण शेजारी बसायचे आहे. आणि मूल जेवेनासे झाले, बोलेनासे झाले, जगण्यात अर्थ नाही असे काही बोलले, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका, आणि डॉक्टरांना गाठा. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर फोन करून बोलता येते. अशा वेळी गुणांचा हिशेब बाजूला ठेवावा. तो पुढे केव्हाही होईल.

आमच्या वडिलांवर आमचा राग नाही. साच्यासमोर उभे राहून ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना उत्तरपत्रिका वाचायला कोणी शिकवले नव्हते. त्यांनी विश्वासाने सही केली, जशी गिरणीतल्या कागदांवर करीत होते. आपण मात्र आज हे ऐकले आहे. दिवाळीला ते गुणपत्रक आपल्यापुढे येईल, तेव्हा पेन उचलण्यापूर्वी एवढेच विचारा, "पेपर कुठे आहे?"